एकोणीस मेपल

फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी, सकाळी नऊ ते दुपारी बारा या वेळात, दादाराव मेश्राम यांनी एकोणीस झाडं तोडली. त्यातलं एकही पूर्ण तोडायचं नव्हतं.

झाडं लहानच होती. मनगटाएवढी, फार तर पोटरीएवढी. न्यू जर्सीच्या वायव्य कोपऱ्यात, डेलावेअर नदीच्या अलीकडे, एकशेचाळीस एकरांचं एक रान आहे. हरणांची शिकार करणाऱ्या आठ जणांचा क्लब ते एका शेतकऱ्याकडून भाड्याने घेतो. दादाराव त्यात नववे होऊ पाहत होते. क्लबचा नियम असा की नव्या माणसाने एक वर्ष उमेदवारी करायची, हिवाळ्यात रानातली कामं करायची, आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी आठही जणांनी जमून त्याच्याबद्दल ठरवायचं. आठातला एक जरी ‘नको’ म्हणाला, तरी नको.

दादाराव अठ्ठावन्न वर्षांचे आहेत. गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगावच्या पुढे त्यांचं गाव. वसतिगृहात राहून ते नागपूरला इंजिनियर झाले, नव्याण्णव साली अमेरिकेत आले, आणि तेव्हापासून एका विमा कंपनीच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचं काम करत आहेत. घर न्यू जर्सीतच, आयसेलिनमध्ये, ओक ट्री रोडच्या दोन गल्ल्या मागे. साड्यांच्या दुकानातली गाणी शनिवार-रविवारी त्यांच्या अंगणापर्यंत येतात. मुलगी प्रणिता सांता क्लाराला नोकरी करते. ती फोनवर म्हणाली होती, “बाबा, लोक रिटायरमेंटला गोल्फ शिकतात.”

“गोल्फला पण गवत कापावंच लागतं,” दादाराव म्हणाले होते.

ऑफिसमध्ये प्रसाद नावाचा पुण्याचा सहकारी आहे, शुद्ध शाकाहारी. तो जेवणाच्या सुट्टीत मुद्दाम विचारायचा, “काय काका, या वर्षी तरी मारलं का हरीण?”

“नाही.”

“मग बरंय. तुम्ही शिकारी कमी, वॉचमन जास्त.”

विहारात रविवारच्या वंदनेनंतर उपासना नावाच्या तरुण मुलीने हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला होता. “काका, पहिल्या शीलाचं काय? जीव घ्यायचा नाही, त्याचं?” इथे हरणं इतकी वाढली आहेत की रानात एक नवं रोप तग धरत नाही, हिवाळ्यात ती उपाशी मरतात, हायवेवर गाड्यांखाली येतात, हे सगळं त्यांना सांगता आलं असतं. ते एवढंच म्हणाले, “मी ते शील रोज म्हणतो, बेटा. आणि रोज तिथंच अडखळतो.”

क्लबात जायचं खरं कारण फक्त त्यांच्या बायकोला, कमलाबाईंना ठाऊक होतं. दादारावांची आई उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायची आणि बाकीच्या दिवसांत रानातून सरपण आणायची. एकदा नाक्यावरच्या वनरक्षकाने तिची कुऱ्हाड काढून घेतली. ती परत मिळावी म्हणून आई तीन दिवस नाक्यावर जाऊन बसली, त्याच्या क्वार्टरचं अंगण सारवून दिलं, तेव्हा कुठे चौथ्या दिवशी कुऱ्हाड हातात आली. घरी येताना ती म्हणाली होती, रानात आपण चोरासारखं जायचं आणि मजुरासारखं यायचं, तिसरी रीत आपल्यासाठी नाही. दादारावांना ती तिसरी रीत हवी होती. ज्या रानात आपल्याला कोणी ‘कुठे चाललास’ असं विचारणार नाही, असं एक रान.

“त्यासाठी बर्फात जाऊन झाडं कापायची?” कमलाबाई म्हणायच्या. “आपल्याकडे कापली तर पकडायचे. इथं वर्गणी भरून कापता.”

*

क्लबचा कारभार वॉल्ट बघतो. वय त्र्याहत्तर, आयुष्यभर लोकांच्या घरांची छपरं शाकारली, गुडघे त्यातच गेले. शिकार शिकवण्याच्या सरकारी वर्गात तोच दादारावांचा शिक्षक होता. नावाचा उच्चार जमत नाही म्हणून तो त्यांना ‘डी’ म्हणतो.

त्या शनिवारी सकाळी वॉल्टने त्यांना एका मेपलच्या झाडापाशी उभं केलं आणि विचारलं, “इथे बसून तुला काय दिसतं?”

“बसून?”

“हरणाच्या उंचीवर ये.”

दादाराव उकिडवे बसले. उंच खोडांच्या मधून पार पलीकडच्या उतारापर्यंत सगळं उघडं दिसत होतं. वर शेंडे, खाली पाचोळा, मध्ये काहीच नाही.

“लपायला जागा नाही,” ते म्हणाले.

“आणि खायला पण नाही. पानं सगळी चाळीस फुटांवर. शिडी आणणारं हरीण मी अजून पाहिलं नाही.”

म्हणून हिंज कट. झाड कमरेच्या उंचीवर, वरून खाली तिरकं, दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश कापायचं आणि थांबायचं. वजनाने ते आपोआप वाकतं, शेंडा जमिनीला टेकतो, पण एका बाजूची साल आणि लाकूड दाराच्या बिजागरीसारखं जोडलेलं राहतं. त्या पट्टीतून रस चढत राहतो. आडवं झालेलं झाड जिवंत राहतं, वसंतात पालवतं, हरणाच्या तोंडाशी पानं येतात आणि त्याच्या आडोशाला हरीण बसतं.

वॉल्टचे नियम साधे होते, पण तो ते दरवर्षी सगळ्यांना पुन्हा सांगायचा. निळी फीत बांधलेलीच झाडं घ्यायची. ओकला हात लावायचा नाही, त्याची फळं हरणांना हवी असतात. लाकूड कडक गोठलेलं असेल त्या दिवशी काम नाही, बिजागरी काडीसारखी मोडते. मांडीपेक्षा जाड झाड घ्यायचं नाही, ते मधूनच उभं चिरतं आणि मागच्या माणसाच्या छातीवर उसळतं. म्हणून झाडाच्या मागे कधी उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं, आणि पळायची वाट आधी मोकळी करायची. काप घेण्याआधी वर बघायचं, वाळकी फांदी अडकलेली असते. एकट्याने काम करायचं नाही. हरणांच्या येण्याजाण्याच्या वाटा तुडवलेल्या दिसतात, झाड त्यांच्या कडेने पाडायचं, वाटेवर नाही. आणि सगळं रान कापत सुटायचं नाही, इथे अर्धा एकर, तिथे अर्धा एकर, बाकीचं तसंच ठेवायचं.

“चेनसॉ तुला पुढच्या वर्षी,” वॉल्ट म्हणाला. “आज हाताची करवत. मी उंचवट्याच्या पलीकडे आहे. दर अर्ध्या तासाने शिट्टी मार.”

दादारावांनी मान डोलावली. सगळं समजलं होतं. आदल्या आठवड्यात फोनवर ऐकून त्यांनी ते घरी वहीत लिहूनही काढलं होतं.

पहिलं झाड त्यांनी नीट बघून कापलं. करवत अर्ध्यावर आली, खोड कलू लागलं, आणि त्याच वेळी हाताने काहीतरी वेगळंच केलं. एक शेवटचा ओढा, आणि झाड सुटून पडलं. मग त्यांनी उरलेला बुंधाही खाली घोट्यापर्यंत नेऊन सफाईने छाटला, कडेची लोंबती साल करवतीच्या टोकाने काढून टाकली, आणि पुढच्या झाडाकडे गेले. थंडी होती. हात गरम होत गेले. एक लय लागली. पलीकडून चेनसॉचा आवाज येत होता, मध्ये शिट्ट्या जात-येत होत्या, आणि दादाराव मनाने कुठे होते ते त्यांनाही नंतर नीट सांगता आलं नाही.

बाराला वॉल्ट काठी टेकत आला. निळ्या फितींचा तो सगळा तुकडा जमीनदोस्त झालेला होता. एकोणीस झाडं एका दिशेला शेंडे करून ओळीने पडलेली, आणि एकोणीस बुंधे जमिनीलगत, गुळगुळीत.

एका बुंध्यावर त्याने बोट फिरवलं.

“सुरेख काम आहे, डी,” तो म्हणाला. “शेकोटीसाठी.”

दादारावांना तेव्हा कुठे दिसलं.

“मी... सॉरी, वॉल्ट.”

“या तुकड्यात तीन वर्षांनी हरणं बसावीत असं माझ्या मनात होतं. मर्फीचं मचाण याच्यासमोर आहे. त्याला काय सांगू?”

मर्फी हा क्लबचा सगळ्यात जुना सभासद. तो बोलायचा कमी, आणि मागच्या दोन उमेदवारांना ‘नको’ म्हणणारा तोच होता.

*

घरी आल्यावर दादारावांनी कमलाबाईंना सगळं सांगितलं. त्या चुलीशी, म्हणजे गॅसपाशी, भाकरी थापत होत्या.

“एकोणीस?”

“एकोणीस.”

“एकाच्या वेळेस समजलं नाही काहून जी?”

“हातच ऐकेना.”

कमलाबाईंनी भाकरी उलटली. त्यांचं माहेरही त्याच पट्ट्यातलं. फेब्रुवारीत तेंदूची झुडपं छाटायला दादारावांसारख्या त्याही लहानपणी गेल्या होत्या. झुडूप जमिनीलगत, एका घावात, सफाईने छाटायचं. साल चिरली, लोंबती राहिली, की ठेकेदाराचा मुकादम त्या दिवसाची हजेरी लावायचा नाही. खोड सफाईने छाटलं तरच खालून कोवळी, रुंद, विडीला चालणारी पानं फुटतात.

“तुमच्या आईनं शिकवलेलं ते,” त्या म्हणाल्या. “अर्धवट कापलेलं झाड सोडून आला असता, तर वरून शिव्या दिल्या असत्या त्यांनी.”

दादाराव हसले नाहीत. “मर्फी नाही म्हणणार. संपलं ते.”

कमलाबाईंनी गरम भाकरी त्यांच्या ताटात वाढली. मग त्यांनी विचारलं, “फुटतो का तो?”

“कोण?”

“मेपल. तेंदू जसा खालून फुटतो, तसा.”

दादाराव जेवायचे थांबले. त्यांना माहीत नव्हतं. पुढचे तीन दिवस त्यांनी विद्यापीठांच्या वनशास्त्र विभागांनी काढलेली पत्रकं वाचली. हिवाळ्याच्या शेवटी छाटलेला मेपल खालून फुटतो, जोरात फुटतो, आणि जुन्या मुळांच्या बळावर आलेले ते धुमारे हरणांना फार आवडतात, असं त्यात होतं. चौथ्या दिवशी त्यांनी वॉल्टला फोन करून ते सांगितलं.

“ते बुंधे तसेच राहू दे. आणि माझ्याबद्दल एप्रिलऐवजी मेमध्ये ठरवा.”

“नियम एप्रिलचा आहे.”

“माहीत आहे. म्हणून विचारतोय.”

वॉल्टने विचारलं, “आणि नाही फुटले तर?”

“तर मर्फीच्या आधी मीच ‘नको’ म्हणतो.”

वॉल्टने बाकीच्या सातही जणांना विचारलं. मर्फी म्हणाला, थांबायला माझं काय जातं.

मार्च सगळा दादाराव दर शनिवारी दीड तास गाडी चालवत गेले. वॉल्टने त्यांना दुसरा तुकडा दिला आणि या वेळी तो स्वतः दहा पावलांवर, जाड खोडावर बसून राहिला.

“थांब,” तो म्हणायचा. “आता थांब. ऐक.”

ऐकायचं काय ते तिसऱ्या झाडाला कळलं. लाकूड तुटण्याआधी आतून बारीक कुरकुरतं, जुन्या खाटेवर कोणी कूस बदलावी तसं. त्या आवाजाला करवत काढून घ्यायची आणि बाजूला सरायचं. मग झाड आपल्या वेळेने वाकतं. घाई करणारा हात मध्ये नसला तर फार सावकाश वाकतं. पहिलं झाड असं टेकलं, तेव्हा दादारावांनी वाकून ती बिजागरी पाहिली. ओलसर, पिवळट, चिरफाळलेली, ओबडधोबड. त्यांच्या बोटांना ती साफ करावीशी वाटली. त्यांनी हात खिशात घातले.

“कठीण आहे?” वॉल्टने विचारलं.

“कापणं सोपं आहे.”

एका झाडाने त्यांना घाबरवलं. फीत होती, पण जवळ गेल्यावर ते मांडीपेक्षा जाड वाटलं. दादारावांनी हाताने घेर मापला, करवत खाली ठेवली, आणि फीत सोडून वॉल्टला दिली. वॉल्टने झाडाकडे पाहिलं. “ही मीच बांधली होती,” तो म्हणाला आणि फीत खिशात टाकली. त्या दिवसापासून तो दहा पावलांवरून वीस पावलांवर जाऊन बसू लागला.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मेपलला फुलं येतात, बारीक, लाल. उभ्या झाडांना आली, आणि आडव्या झाडांनाही आली. दादारावांनी फोटो काढून कमलाबाईंना पाठवला. जमिनीला टेकलेले शेंडे पाचोळ्यावर लाल होऊन पडले होते. त्यांचं उत्तर आलं, “आणि ते एकोणीस?”

एकोणीस बुंध्यांवर काहीच नव्हतं.

*

मेच्या मधल्या रविवारी आठही जण जमले. गोचिडांमुळे सगळ्यांनी विजारी मोज्यांत खोचल्या होत्या. दादाराव आदल्या आठवड्यात मुद्दामच आले नव्हते. बुंधे फुटले की नाही हे त्यांनाही माहीत नव्हतं.

वॉल्टने बोलायला तोंड उघडलं, पण दादारावांनीच सुरुवात केली. “फेब्रुवारीत मी या तुकड्यातली एकोणीस झाडं चुकीची कापली. मला सांगितलं होतं. मी ऐकलंही होतं. वॉल्टने कमी सांगितलं, असं कोणी समजू नये.”

सगळे पुढे चालू लागले. दादाराव मागे राहिले.

पुढून वॉल्टची शिट्टी आली.

पहिल्या बुंध्याभोवती लालसर धुमाऱ्यांचा झुबका होता, वीतभर उंच. दुसऱ्याभोवतीही. सहावा मुका होता, नववाही. मर्फी एकेका बुंध्यापाशी थांबत, ओठ हलवत मोजत गेला. चौदा फुटले होते, पाच नाही. फुटलेल्या बहुतेक सगळ्यांचे कोवळे शेंडे कोणीतरी खाल्ले होते.

मर्फी गुडघ्यावर बसला. एक धुमारा चिमटीत धरून त्याने खाल्लेलं टोक डोळ्यांजवळ नेलं. “ससा असेल,” मागून कोणी म्हणालं. सशाचे दात सुरीसारखं तिरकं कापतात. हरणाला वरचे पुढचे दात नसतात, ते ओढून तोडतं, म्हणून टोक फाटलेलं राहतं.

“ससा नाही,” मर्फी म्हणाला. त्याने ते फाटकं टोक सगळ्यांना दाखवलं आणि उठला. गुडघे झटकत त्याने पहिल्यांदाच दादारावांकडे पाहिलं.

“हे खाणं झालं. बसणार कुठे ती?”

“दुसऱ्या तुकड्यात,” दादाराव म्हणाले. “बघून घ्या.”

दुसरा तुकडा ऐंशी पावलांवर होता. आडव्या झाडांना हिरवी पानं फुटली होती. कमरेएवढ्या उंचीचं, आतून पोकळ, दाट रान तयार झालं होतं. दोन ठिकाणी बिजागरी मोडून झाड वाळलं होतं, तीही दादारावांनी स्वतःच दाखवली. पुढे एका शेंड्याच्या आडोशाला पाचोळा दाबला गेला होता, लांबट गोल, परातीपेक्षा थोडा मोठा. त्याच्या शेजारी आणखी एक, लहान.

मर्फी वाकून बघत राहिला. मग त्याने हात लावला, ऊब आहे का ते पाहिल्यासारखा.

“मोठी, आणि गेल्या वर्षीचं पिल्लू,” तो म्हणाला.

वॉल्टने टोपी काढली. “ठीक. नियम सगळ्यांना माहीत आहे. कोणाला ‘नको’ म्हणायचं असेल, तर आता म्हणा.”

रानात एक सुतारपक्षी काम करत होता. त्याचे ठोके ऐकू येत होते, थांबत होते, पुन्हा सुरू होत होते. दादाराव आपल्या बुटांकडे बघत होते. आठ माणसं उभी होती आणि कोणी काही म्हणत नव्हतं. वॉल्टने त्यांना पुरेसा वेळ दिला, मग टोपी घातली.

“पुढच्या फेब्रुवारीत दोन्ही प्रकारचे तुकडे करू,” मर्फी चालता चालता म्हणाला. “खाणं एकीकडे, बसणं एकीकडे. याला विचारून फिती बांधा.”

बाकीचे गाड्यांकडे निघाले. दादारावांनी कमलाबाईंना फोन लावला.

“झालं,” ते म्हणाले.

“काय म्हणाले ते?”

“काही नाही. कोणीच काही म्हणालं नाही.”

कमलाबाईंना नियम माहीत होता. “बरं झालं जी,” त्या म्हणाल्या. मग लगेच विचारलं, “जेवायला किती वाजतील?”

“थोडा उशीर होईल. एक फांदी हरणांच्या वाटेवर आली आहे. येताना दिसली.”

वॉल्ट आपल्या ट्रकपाशी पोचला होता. दादारावांनी आपल्या गाडीच्या डिकीतून फांद्या छाटायची कात्री काढली आणि ते परत रानाच्या दिशेने वळले. वॉल्टने त्यांना पाहिलं. कुठे चाललास, असं त्याने विचारलं नाही. गुडघा सांभाळत तो ट्रकमध्ये चढला, हात वर केला आणि निघून गेला.

ट्रकचा आवाज वळणापलीकडे विरला. दादाराव झाडांत शिरले.